अडीचशे मिलीचं आवर्तन

पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. जगातला कुठलाही प्रवाह आपण दार लावून थांबवू शकतो, असं त्याला वाटायला लागतं. नाशिकच्या गंगापूर धरणातून किती पाणी सोडायचं, रब्बीची आवर्तनं किती, कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचणार कधी, या कागदांवर मी सह्या केल्या. त्यामुळे अडीच वर्षांच्या नातवाची दुधाची बाटली सोडवायचा विषय घरात निघाला आणि ‘हे करणार कोण?’ असा प्रश्न आला, तेव्हा मी हात वर केला. मला कुणी विचारलं नव्हतं. हिने कपाळाला हात लावला. मला तो नमस्कार वाटला.

बाटली घरात आली कशी, तेही सांगायला हवं. सूनबाईंना बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ साली कायदा बदलला म्हणून. त्याआधी बाराच आठवडे मिळत. सहा महिने बाळ निव्वळ आईच्या दुधावर वाढलं, वरचं पाणीसुद्धा नाही. मग रजा संपली, सूनबाई अंबडला कारखान्यात परत रुजू झाल्या आणि दिवसा बाळाचा ताबा आमच्याकडे आला. आई दूध काढून ठेवून जाई. ते वाटी-चमच्याने पाजा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आता वाटी-चमच्याने पाजायला अर्धा तास लागतो, बाळाला मांडीवर घेऊन बसावं लागतं, निम्मं दूध लाळेऱ्यावर जातं आणि तेवढ्या वेळात क्रिकेटमध्ये दोन गडी बाद होतात. मी मेन रोडला जाऊन बाटली घेऊन आलो.

तिथेही मी माझी अक्कल चालवली. दोन बाटल्या घेतो, तिसरी फुकट द्या, नाही तर निदान एक खुळखुळा तरी द्या, असं मी औषधांच्या दुकानदाराला म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, “काका, या मालावर स्कीम नसते. कायदा आहे.” आणि खरंच आहे. १९९२ साली केंद्राने तो केला, २००३ साली आणखी आवळला. बाळाच्या दुधाच्या भुकटीची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, सोबत भेटवस्तू द्यायची नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायचं नाही. एखादी वस्तू लोकांनी घ्यावी म्हणून सरकार खुळखुळासुद्धा देऊ देत नसेल, तर ती पिशवीत टाकताना माणसाच्या मनात काही तरी यायला हवं. माझ्या मनात एवढंच आलं की दुकानदार चिकट आहे.

बाटली आली आणि घरात शांतता नांदू लागली. बाळ रडलं की बाटली. झोपेना की बाटली. हसलं तरी बाटली, कारण हसण्याच्या मागून रडणं येतं हा आमचा अनुभव. वर्षाचा झाल्यावर गाईचं दूध सुरू झालं, त्यात चव यावी म्हणून मी साखर सुरू केली. चिरंजीव म्हणायचे, “बाबा, साखर कशाला?” मी म्हणायचो, “तू साखरेवरच वाढलास.” नातू उताणा पडून, एका पायावर दुसरा पाय टाकून, दोन्ही हातांनी बाटली धरून चोखायचा, आणि मी शेजारी आरामखुर्चीत जवळपास तसाच पडायचो. दोघांना एकाच वेळी डुलकी लागायची. बाटलीत घोट-दोन घोट उरलेलं असायचं. दूध टाकायचं नाही, हा माझ्या आईचा दंडक. उरलेलं मी पेल्यात ओतून संपवायचो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पोराचा चेहरा पिवळट दिसायला लागला. कान दुखायला लागला, बरा झाला, परत दुखायला लागला. एके दिवशी दात घासताना हिला त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या. गेलो कॉलेज रोडला डॉक्टरीणबाईंकडे.

“दिवसाला दूध किती घेतो?” बाईंनी विचारलं.

“सव्वा लिटर. मनात आलं तर दीड,” मी छाती फुगवून म्हणालो. आमच्या लहानपणी एवढं दूध पिणाऱ्या पोराला तालमीत पाठवायचे.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि जेवण?”

“जेवतच नाही हो. म्हणून तर दूध देतो.”

“आबा, दूध पितो म्हणून जेवत नाही.”

मग त्यांनी मला शिकवणी दिली. दुधात लोह जवळपास नसतंच. उलट त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. या वयाच्या मुलाला दिवसभरात अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. त्यावर गेलं की पोट दुधाने भरतं आणि भाकरी, वरण, पालेभाजी बाहेरच राहते. हिमोग्लोबिन अकराच्या वर असायला हवं. आमच्या सरकारांचं नवाच्या आसपास रेंगाळत होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली, हेही त्यांनी सांगितलं. “म्हणजे बहुमत आहे आमच्याकडे,” असं मी वातावरण हलकं करायला म्हणालो. वातावरण जागचं हललं नाही.

कानाचंही तेच. लहान मुलाच्या घशापासून मधल्या कानाकडे जाणारी नळी आखूड आणि जवळपास आडवी असते. उताण्या पोराने बाटली चोखली की दूध त्या वाटेने सरकू शकतं. आणि दात? झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. “खालचे तर ठणठणीत आहेत की,” मी वकिली केली. “खालच्यांवर जीभ असते, म्हणून वाचले,” बाई म्हणाल्या. दातांचं मात्र मला लगेच पटलं. कालव्याखालची जमीन रात्रंदिवस पाणी देऊन देऊन क्षारपड होते, तसलाच प्रकार. आयुष्यभर शेतकऱ्यांना जे करू नका म्हणून सांगत फिरलो, ते मी नातवाच्या हिरड्यांवर करून ठेवलं होतं.

“वर्षाचं झालं की बाटली जायला हवी. फार तर दीड वर्ष,” बाई म्हणाल्या. नातू त्या वेळी टेबलाखाली बसून बाटलीच चोखत होता.

घरी आल्यावर शरणागतीआधी मी थोडा किल्ला लढवला. निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि हातात मोबाइल असतो. मी अभ्यास केला. रात्री हिला म्हणालो, “अगं, बाटलीला उगाच बदनाम करतात. जर्मनीत बव्हेरियामध्ये चोचीची मातीची छोटी भांडी सापडली आहेत, तीन हजार वर्षांपूर्वीची. २०१९ साली शास्त्रज्ञांनी ती तपासली, तर आतमध्ये जनावरांच्या दुधाचे अंश निघाले. मानवजात पहिल्यापासून हेच करत आलीय.”

“सापडली कुठे ती?” हिने विचारलं.

मी चष्मा पुसला. “लहान मुलांच्या थडग्यांत.”

“बोला,” ही म्हणाली, आणि दिवा मालवला.

पुढचं वाचलं ते मी तिला सांगितलंच नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेत काचेच्या बाटलीला लांब रबरी नळी असायची. बाळाच्या तोंडात नळी द्यायची आणि आपण आपल्या कामाला लागायचं. (आरामखुर्चीचा शोध तिथेही लागला होता म्हणायचा.) ती नळी आतून धुताच येत नसे. दुधाचा थर, त्यात जंतू, आणि इतकी मुलं दगावली की लोक तिला मारेकरी बाटली म्हणू लागले. फ्रान्सने १९१० साली कायदा करून ती बंद केली. आपल्याकडेही हा लढा काही परका नाही. स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही देशभरातली संघटना १९९१ च्या डिसेंबरात स्थापन झाली ती आपल्या वर्ध्यातच. आईचं दूध ज्यांना मिळू शकत नाही अशा नवजात बाळांसाठी आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली, १९८९ साली. त्या वर्षी मीही बाप झालो होतो आणि बाळाच्या खाण्यापिण्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती. ती हिच्याकडे होती.

कसं ते सांगतो. बाटलीला देशी तोड म्हणून मी भांडीबाजारात बोंडलं शोधायला निघालो. चोच असलेलं ते चिमुकलं भांडं. उघडं असतं, बोट घालून घासता येतं, म्हणून बाटलीपेक्षा बरं. पितळेचं मनात भरेना, म्हणून सराफ बाजारात शिरलो. “बाळंतविड्यासाठी का?” सराफाने विचारलं. मी म्हटलं, नातवासाठी. “कितव्या महिन्यात आहे?” मी म्हटलं, तिसाव्या. त्याने वजनकाट्याआडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “काका, एवढा मुलगा बोंडल्याने पीत नाही. बोंडलं गिळतो.” तरी मी चांदीचं घेतलंच, घासाघीस करून भाव ठरवल्यावर माघार घेणं नाशिककराला जमत नाही. घरी आलो तर हिने ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं दुसरं बोंडलं काढलं. चिरंजीवांचं. “तुमच्या आईने दिलेलं. याच्यानेच पाजलं मी त्याला. तुम्ही तेव्हा दौऱ्यावर असायचात.”

आता प्रत्यक्ष मोहीम. दिवसाच्या बाटल्या पेल्यात आणा, रात्रीच्या बाटलीत दूध कमी आणि पाणी जास्त करत न्या, साखर आजपासून बंद, असं बाईंनी सांगितलं होतं. हे तर माझ्याच खात्याचं काम! मी तक्ता केला. पहिलं आवर्तन: अडीचशे मिलीत दोनशे दूध, पन्नास पाणी. दुसरं: दीडशे-शंभर. शेवटच्या आवर्तनात निव्वळ पाणी आणि कालवा बंद. तक्ता फ्रिजवर लावला, खाली सही केली, प्रत माहितीसाठी चिरंजीवांना पाठवली.

घात झाला तो पातेल्यात. रोज रात्री मोजमाप करण्यापेक्षा एकदाच काम संपवावं म्हणून मी पहाटे दूध आल्या आल्या सगळ्या पातेल्यातच हिशेबाने पाणी ओतलं आणि फिरायला गेलो. हिला सांगायचं राहिलं. परत आलो तर दारात गवळी हात जोडून उभा आणि ही त्याच्यासमोर पातेलं धरून. “साय बघा, साय! आहे का कुठे?” गवळी माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

“आबा, पोरांची शपथ घेतो. आज खरंच नव्हतं घातलं.”

माझं दूध पातळ निघालं खरं, पण त्यातून घराला बरीच वर्षं पडलेला एक प्रश्न सुटला. नातवाने मात्र पहिला घोट घेताच बाटली भिंतीवर फेकली. तक्ता त्याने दुसऱ्या दिवशी खाल्ला.

तेव्हा मी ते केलं जे मराठी माणूस मुलाच्या हातून कुठलीही वस्तू सोडवताना करत आला आहे. बाटली माळ्यावर टाकली आणि जाहीर केलं, “काऊने नेली.”

“कुथे?”

हा प्रश्न आमच्या लहानपणी कुणी विचारत नसे. सकाळी मला ओळखीतल्या एका गृहस्थांच्या दहाव्याला जायचं होतं, ते डोक्यात होतं, तोंडातून निघून गेलं, “गंगेवर.”

आणि सकाळी घरात त्याला सांभाळायला कुणी नव्हतं. सूनबाईंची पहिली पाळी, चिरंजीव पुण्याला, हिची गुडघ्याच्या व्यायामाची वेळ. नातवाला कडेवर घेऊन मी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या रामकुंडावर पोचलो. विधी आटोपत आलेले. पिंड मांडलेला, मंडळी लांब उभी, पलीकडे दिव्याच्या खांबावर कावळे ओळीने बसलेले. पण एकही खाली येईना. गुरुजी घड्याळ बघू लागले. कुणी तरी म्हणालं, इच्छा राहिली असेल. थोरला मुलगा हात जोडून पुढे झाला, “अण्णा, धाकटीचं लग्न आम्ही थाटात लावून देऊ.” कावळे ढिम्म. धाकटा म्हणाला, “अण्णा, मळ्याची वाटणी न भांडता करू.” एका कावळ्याने मान फिरवली.

त्याच क्षणी नातवाला कावळे दिसले. खणखणीत आवाजात, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं तो ओरडला, “काऊ! बाटली दे! बाटली!”

घाट चिडीचूप. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने जावयाकडे, जावयाने पायांकडे. मागच्या पायरीवर बसलेले अण्णांचे एक वयस्क मित्र खाकरले आणि म्हणाले, “लहान पोराच्या तोंडून देव बोलतो. शेवटची दोन वर्षं डॉक्टरांनी पार बंद केली होती त्याची.” कुणी काही बोललं नाही. थोरला परत पुढे झाला, पिंडासमोर वाकला आणि फार हळू काही तरी पुटपुटला. मला त्यातलं ‘वर्षश्राद्धाला’ आणि ‘तुमच्याच ब्रँडची’ एवढंच ऐकू आलं.

कावळा उतरला.

मंडळींनी नातवाला घेरलं. थोरल्याने डोळे पुसत त्याच्या गालावरून हात फिरवला, कुणी तरी हातात दहाची नोट कोंबली. आणि सरकार माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत कोकलत होते, “काऊने भात खाल्ला! बाटली नाही दिली!” संध्याकाळपर्यंत दोन फोन आले. एका बाईंना त्यांच्या सासऱ्यांनी पासबुक कुठे ठेवलंय ते विचारायचं होतं. ही म्हणाली, “घ्या याला आणि बसा पारावर. पेन्शनला जोड होईल.”

शेवटी बाटली सुटली ती माझ्या कुठल्याही युक्तीने नव्हे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेली म्हणजे गेली, आता रडला तरी परत काढायची नाही. रात्रीचं पोटभर जेवण, दात घासणं, लागलं तर पेल्यात पाणी, आणि गोष्ट. पहिल्या रात्री त्याने अख्खी सोसायटी जागवली. वॉचमनने मला गेटपाशी बसवून चहा पाजला. गोष्टी तर मला येत नाहीत. ससा-कासव दोन मिनिटांत संपतं. मग मला जे येतं ते सुरू केलं. दारणा धरणाची उंची, चणकापूरचे कालवे, पालखेडचा डावा कालवा कुठून निघतो, करंजवण भरलं की पाणी कुठे सोडतात. दारणा संपायच्या आत त्याने जांभई दिली, पालखेडच्या डाव्या कालव्यात तो झोपला. दुसऱ्या रात्री दारणाही पुरं लागलं नाही. गिरणेपर्यंत तो आजतागायत पोचलेला नाही.

“बाटलीपेक्षा लवकर झोप लागते की गं माझ्या बोलण्याने!” मी आनंदाने हिला म्हणालो.

“मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे,” ही म्हणाली.

बाकी लवकर मार्गी लागलं. लोहाचं औषध सुरू झालं. त्याने शी काळी होते हे बाईंनी सांगितलं होतं, पण मी तेव्हा नातवाला टेबलाखालून ओढत होतो. त्यामुळे एका रात्री अकरा वाजता मी त्यांना फोन करून जी वर्णनं केली ती इथे देत नाही. पोर दुधावरून उतरलं तसं जेवणावर चढलं. नाचणीची भाकरी, मेथीची भाजी, मटकीची उसळ. कान दुखायचा थांबला. दातांच्या डॉक्टरांनी कीड लागलेल्या दोन दातांना औषध लावलं. त्याने कीड थांबते, पण डाग काळा पडतो. सरकार आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठ वर करून काळे दात दाखवतात आणि पाहुणे खिशात हात घालून नजराणा शोधतात.

त्रास झाला तो एकाच माणसाला. सगळ्यांच्या तपासण्या होताहेत तर तुमचीही करून घ्या, म्हणून चिरंजीवांनी माझं रक्त दिलं. साखर वाढलेली. वजनही. “रात्री झोपताना काही गोड घेता का?” माझ्या डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणालो. हिने पर्समधून वही काढली. रोज उरलेल्या बाटलीतलं किती आणि कुणी संपवलं, याचा तिने हिशेब ठेवला होता. खात्यात असती तर कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झाली असती. डॉक्टरांनी वही वाचली आणि गोळी लिहून दिली.

तेव्हापासून माझा चहा बिनसाखरेचा आहे. परवा पहिला घोट घेऊन मी तोंड वेडंवाकडं केलं. समोर नातू स्टीलच्या पेल्यातून दूध पीत होता. मिशी पुसून तो म्हणाला, “रडू नको आबा. साखर काऊने नेली.”

“कुठे?”

“गंगेवर.”

हिने डबा कुठे लपवलाय हे त्याला पक्कं माहीत आहे, त्याच्या तोंडावरच दिसतं. आमच्या वाटाघाटी चालू आहेत. त्याची अट एकच: आधी परत तिकडे न्यायचं, माणसं हात जोडून उभी असतात आणि काऊ भात खातो तिथे. माझी ना नाही. पण सध्या आमच्या ओळखीत कुणाचा दहावा नाही.